हे झाड कोणाचे?



कामगार चळवळीतला माणूस चित्रकलेवर काय बोलणार, असे आपणांस वाटत असेल. आमची शाळा म्हणजे जिनिंगचे फाटक. पण एका चित्राने आम्हांला जो धडा दिला, तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

आमचा एक सोबती रेच्यावर कामाला होता. हंगाम संपला, काम गेले, शेतावरचे कर्ज तेवढे राहिले. युनियनच्या कचेरीत बसल्या बसल्या त्याने एका पत्रकाच्या पाठीवर सागाचे झाड काढले. पान एकही नाही. आम्ही हसून म्हणालो, "उन्हाळ्यात साग असाच असतो!" आठ दिवसांनी त्याला इस्पितळात न्यावे लागले. सुदैवाने तो वाचला.

मग आम्ही वाचू लागलो. कार्ल कोख या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली झाडाच्या चित्रावरून मन पारखण्याची कसोटी ग्रंथरूपाने मांडली. मुळे, खोड, फांद्या, साऱ्यांचे अर्थ लावले. हे आधी ठाऊक असते तर, असे वाटून गेले. परंतु पुढे शास्त्रज्ञांनीच त्या कसोटीवर शंका घेतल्या. निष्पर्ण झाड म्हणजे आजारी मन, असा हिशेब मांडता येत नाही.

व्हॅन गॉगचे उदाहरण घ्या. १८८९-९० मध्ये तो सेंट रेमीच्या मनोरुग्णालयात वर्षभर राहिला आणि तेथे त्याने ऑलिव्हची झाडे रंगविली. जुलै १८९० मध्ये तो गेला. त्याचे अखेरचे चित्र झाडाच्या मुळांचे, असे मानतात. त्या मुळांत कोणी निराशा पाहतो, कोणी जगण्याची चिवट धडपड. चित्र एकच! खरे काय, ते काढणाराच सांगू शकला असता.

आमचा सोबती बरा झाल्यावर म्हणाला, "भाऊ, झाड पाह्यलं तुमी, पन कोनाचं हाय हे काही इचारलं नाही."

चित्र हे निदान नव्हे, बोलण्याचे निमित्त आहे. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी कुटुंबासह जीवन संपविले. तेव्हापासून किती घरे उजाड झाली! कर्जासाठी, भावासाठी आम्ही मोर्चे काढले, पुढेही काढू. पण मोर्च्यात हजारांच्या वतीने बोलताना शेजारच्या एकाला विचारायचे राहून जाते. मन फारच खचले असेल, तर सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, डॉक्टर आहेत. तेथवर हात धरून नेणारा मात्र आपल्यातलाच लागतो.

आता कचेरीत कोणी कागदावर रेघा ओढू लागला की आम्ही खुर्ची जवळ ओढतो आणि विचारतो, "हे झाड कोणाचे?" आपणही विचारा.