गाळा मोजायचा राहिला

(डोंबिवलीतील एका वासंतिक व्याख्यानमालेत निवृत्त नगररचनाकाराने दिलेले व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन.)



कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय छापलाय, ‘शहराच्या भावी वाणिज्य भूमीचे नियोजन’. हे नाव माझं नाही. मी फक्त ‘गाळा’ एवढंच कळवलं होतं. चिटणीसांचा फोन आला. म्हणाले, साहेब, नुसतं ‘गाळा’ छापलं तर लोक इस्टेट एजंटची जाहिरात समजतील. (हशा) तेव्हा पत्रिकेवरचं भारदस्त नाव त्यांचं आणि पुढचा तासभर माझा.

विकास आराखडा, आरक्षणं, चटई निर्देशांक, टीडीआर हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. डोंबिवलीकराला टीडीआर समजावून सांगायची माझी छाती नाही. (हशा) एवढीच आठवण करून देतो की आराखड्याच्या नकाशात राहण्याची जागा पिवळी असते, कारखाने जांभळे आणि दुकानं-कचेऱ्या निळ्या. वीस वर्षांनी या शहराला निळा रंग किती लागेल आणि तो कुठे लावायचा, हा आजचा प्रश्न. उत्तर काढायची रीत ठरलेली आहे. लोकसंख्या किती होईल ते धरायचं. त्यात कमावते किती, त्यांतले कचेरीत किती, दुकानात किती, आणि माणशी किती चौरस फूट. गुणाकार केला की एकर निघतात. हा गुणाकार मी बत्तीस वर्षं केला, त्यावर पगार घेतला, आता पेन्शन घेतो. आकडे चुकतात. टेबलावर संगणक आले आणि माणशी जागेचा हिशोब बदलला, २०२० साली तर माणूसच घरी बसला. पण चुकलेला आकडा दुरुस्त करता येतो. माझं भांडण एककाशी आहे. आम्ही मोजतो चौरस फुटांत आणि बाजार चालतो गाळ्यांत. तुम्ही म्हणाल, हे एक वाक्य सांगायला कल्याण फाट्यावरच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास घालवून आलात? हो. वाक्य एकच आहे, पण ते मला फार महागात पडलंय.

नवी मुंबईपासून सुरुवात करू. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी ‘मार्ग’ नियतकालिकात कल्पना मांडली की मुंबई दक्षिणोत्तर लांबत चाललीय, तिला खाडीपलीकडे जोडशहर द्या. ते वसवायला १९७० साली सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. पंचाण्णव गावांची जमीन, ३४४ चौरस किलोमीटर, चौदा नोड, वीस लाख वस्तीचा हिशोब. बेलापूरला नावच दिलं सीबीडी, म्हणजे व्यापाराचं मध्यवर्ती केंद्र. बाळाचं नाव आधी ठेवलं, बारसं मागाहून. (हशा) या सगळ्याच्या मुळाशी एक गृहीत होतं. राज्य सरकार स्वतः तिकडे जाईल, सरकारामागून कचेऱ्या जातील, कचेऱ्यांमागून बाजार जाईल. सरकार काही गेलं नाही. समुद्र बुजवून नरीमन पॉइंट वाढतच राहिला. १९७४ साली एअर इंडियाची इमारत उभी राहिली, आणि सिडको अकरा वर्षांची झाली तेव्हा, १९८१ साली, नवं विधानभवन उभं राहिलं तेही नरीमन पॉइंटलाच! यजमानच घर सोडायला तयार नाही म्हटल्यावर पाहुणे कशाला हलतील?

बरं, रेल्वे तरी? मानखुर्दहून वाशीला लोकल गेली १९९२ साली. म्हणजे सिडको स्थापन होऊन बावीस वर्षं झाल्यावर. त्या रेल्वेच्या खर्चातला दोनतृतीयांश वाटा सिडकोने उचलला, हेही सांगायला हवं, नाहीतर माझे जुने सहकारी मला वाशीत शिरू देणार नाहीत.

आता एक नाजूक गोष्ट. ही प्राधिकरणं जगतात कशावर? भूखंड विकून. त्यातही व्यापारी भूखंडावर. सिडकोचं तेच, वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीएचंही तेच. तिथले भूखंड ऐंशी वर्षांच्या भाडेपट्ट्याने लिलावात जातात आणि त्या पैशातून प्रदेशाचे रस्ते-पूल होतात. यात काळंबेरं काही नाही, पद्धत उघड आहे. पण विचार करा, ज्याने शहराला पुरेल एवढी व्यापारी जमीन काढून द्यायची, त्यालाच ती जमीन महाग राहिलेली हवी असते. आडत्याच्याच हाती तराजू दिल्यासारखं आहे हे. आणि लिलाव करायचा तर भूखंड मोठा बरा. एक निविदा, एक फाईल, एक चेक. दहा बाय वीसचा गाळा लिलावात काढायला कुणाला वेळ आहे? त्यामुळे आराखड्यात निळा रंग भरपूर असतो आणि गावातला शिंपी मात्र जिन्याखाली बसलेला असतो. (टाळ्या)

टाळ्या ठेवून द्या, मी त्याच खात्यातला माणूस आहे.

गाळ्याचं हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं कुठून, ते सांगतो. पाच मिनिटांत सांगतो. साल १९७९. मी नोकरीत नवा. मुंबईतले घाऊक बाजार खाडीपलीकडे न्यायचं ठरलेलं होतं. मुंबईची कृषी उत्पन्न बाजार समिती १९७७ साली झाली होती. कांदा-बटाटा, फळं, भाजी, धान्य, मसाला, सगळं जायचं होतं. मला मस्जिद बंदरच्या दाणाबाजारात पाहणीला पाठवलं. हातात छापील तक्ता, अकरा रकाने. गाळ्याचं क्षेत्रफळ, मालकी की भाडं, काम करणारी माणसं किती, असं सगळं.

पहिल्याच गाळ्यात एक कच्छी शेठ, सत्तरीचे. त्यांना विचारलं, किती माणसं? म्हणाले, कधीची? मी म्हटलं, कधीची म्हणजे? ते म्हणाले, सकाळची वेगळी, दुपारची वेगळी, रात्रीची वेगळी. बसा, चहा घ्या. मला दिवसभरात चाळीस गाळे करायचे होते. चहा घेतला आणि तिथेच अडकलो, ते अंधार पडेपर्यंत.

सांगतो काय पाहिलं ते. मी पोचलो तेव्हा हमाल वळकट्या बांधून माळ्यावर टाकत होते. सगळे साताऱ्याकडचे, त्यातले सहा तर एकाच गावचे. त्यांचं मुंबईतलं घर म्हणजे हाच गाळा. रेशनकार्डावर पत्ता कुठला होता देव जाणे. मग झाडलोट. मग मेहताजी येऊन गादीवर बसले. मग दलाल. दलालाच्या हातात कागद नाही, मुठीत गहू. तळहातावर पसरायचा, चार दाणे तोंडात टाकायचे, चावायचे, भाव बोलायचा. दुसरा दलाल आला, त्याने तोच गहू चावला आणि वेगळा भाव बोलला. ओट्याच्या एका कोपऱ्यात चहावाला. त्याची शेगडी शेठच्या पायरीवर, भाडं म्हणून शेठला दिवसाचा चहा फुकट. दुसऱ्या कोपऱ्यात एक म्हातारा फाटकी पोती शिवत बसलेला. गाडी लागली की हमालांच्या मागोमाग दोन बायका यायच्या, हातात खराटा आणि सूप. पोत्यांतून सांडलेलं धान्य झाडून, पाखडून न्यायच्या. तो त्यांचा धंदा. शेठनी त्यांना कधी हटकलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, सांडलेल्यावर त्यांचा हक्क आहे, पोत्यावर माझा.

दुपारी मेहताजींनी आपल्या डब्यातली चपाती माझ्यापुढे केली. संध्याकाळी मी बोटं मोजली. एकोणीस. दोनशे चौरस फुटांच्या त्या जागेवर एकोणीस माणसांचं पोट होतं. मी रकान्यात एकोणीस लिहिलं आणि समासात ही सगळी वंशावळ.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तक्ता पाहिला. नाव घेत नाही, माणूस सज्जन होता. म्हणाले, अरे, पगारपत्रकावर किती? म्हटलं, तीन. म्हणाले, मग तीन लिही, एकोणीस लिहिलेस तर बेरीज कशाशीच जुळणार नाही. मी खोडून तीन केलं. श्रोतेहो, त्या खाडाखोडीवर माझी सही आहे.

(अध्यक्षांकडे पाहून) नाही, नाही, चिठ्ठी मिळाली. आटोपतोच. पाच मिनिटं म्हणालो होतो, दाणाबाजारात शिरलेला माणूस वेळेवर बाहेर येत नाही. (हशा)

पुढे बाजार हलला. कांदा-बटाटा १९८१ साली वाशीला गेला, धान्य नव्वदच्या सुमारास, भाजी-फळं १९९६ साली. पंधरा वर्षं लागली, संप झाले, मोर्चे झाले. आज वाशीचा बाजार चालतो, भरभरून चालतो, आणि नियोजनाचं यश म्हणून तो दाखवला जातो. मीही पाहुण्यांना दाखवत असे. पण तो लागला कधी? नुसते व्यापाऱ्यांना गाळे मिळाले तेव्हा नव्हे. अण्णासाहेब पाटलांनी उभी केलेली संघटना आणि १९६९ चा माथाडी कायदा पाठीशी असलेले हमाल तिकडे गेले, घणसोली-कोपरखैरण्याला त्यांना घरं मिळाली, तेव्हा बाजाराला हातपाय फुटले. खराटावाल्या बायकांसाठी मात्र कुठल्याच आराखड्यात रकाना नव्हता. त्या कुठल्या फाईलमध्ये नाहीत.

आणि नवी मुंबईत आज गल्लोगल्ली जी छोटी दुकानं दिसतात, ती कुणी आखली? साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांनी. जमीन गेलेल्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा दिला, १९८४ च्या जानेवारीत पाच जणांनी गोळ्या झेलल्या, त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची ती योजना आली. त्या भूखंडांवर पंधरा टक्के चटईक्षेत्र दुकानांना वापरायची मुभा होती. वर घरं, खाली गाळे. किराणा, केशकर्तनालय, झेरॉक्स, पोळीभाजी केंद्र, सगळं तिथे शिरलं. आम्ही निळा रंग सीबीडीत ओतत होतो आणि रोजचा बाजार पिवळ्या रंगाच्या तळमजल्यावर भरत होता!

परवा पुण्यात हेच बोललो तर एक तरुण उभा राहिला. म्हणाला, सर, सुरतेचं काय? प्रश्न बोचरा होता, म्हणून इथे स्वतःच काढतो. हिऱ्यांचा व्यापार ऑपेरा हाऊसला पंचरत्न इमारतीत आणि तिच्या खालच्या रस्त्यावर चालायचा. वांद्रे-कुर्ला संकुलात हिरे बाजार बांधायचं १९८४ साली मनात आलं, दरवाजे उघडले २०१० च्या ऑक्टोबरात. वीस एकर, अडीच हजार कचेऱ्या. तरी पुष्कळ व्यापारी जागचे हलेनात. १३ जुलै २०११ ला ऑपेरा हाऊसला स्फोट झाला आणि मग लोक भराभर गेले. अशा रीतीने बाजार हलावा ही काही अभिमानाची गोष्ट नाही. सुरतेत डिसेंबर २०२३ मध्ये त्याहून मोठा बाजार उघडला, सदुसष्ट लाख चौरस फूट, चार हजारांहून अधिक कचेऱ्या, त्यांतल्या कितीतरी लहान. म्हणजे माझ्या मनासारखे गाळेच की! आणि सुरुवातीचे कित्येक महिने तिथे मोजकीच शटरं वर गेली. मुंबईहून धंदा गुंडाळून तिकडे निघालेले काही जण परतही आले. तरुण विचारत होता, मग तुमचा गाळा का नाही चालला?

त्या दिवशी मी जरा चिडलो. तुमच्यापाशी कबूल करतो, कारण तुम्ही पुणेकर नाही. (प्रचंड हशा) घरी येताना गाडीत उत्तर सुचलं. सुरतेत भिंती बांधल्या, पण दलाल, आंगडिया, विदेशी गिऱ्हाईक, त्याचं विमान, त्याचं हॉटेल हे सगळं मुंबईत राहिलं. कच्छी शेठचा गाळा होता दोनशे फुटांचा, पण त्यातली सतरा माणसं शेठ आणि मेहताजी सोडून होती. ती सतरा जिथे येणार नाहीत तिथे कितीही छोटी खोली बांधा, ती गोदामच. तेव्हा माझ्या सिद्धान्तात तेवढी दुरुस्ती त्या तरुणाच्या नावे करून घ्या.

दुसरी चिठ्ठी. हिच्यावर ‘कल्याण?’ एवढंच लिहिलंय. ही अध्यक्षांची नसावी. (हशा) पालिकेत ठेवायची की वगळायची या वादातल्या सत्तावीस गावांचा विषय इथे काढला तर आपण सकाळची पहिली लोकल पकडूनच घरी जाऊ. एवढंच सांगतो. त्यातल्या काही गावांत कल्याण विकास केंद्र म्हणून व्यापाराचं नवं ठाणं आखलेलं आहे. हेतू चांगला आहे, तुमच्यातल्या काहींची तरी सीएसएमटीची वारी वाचेल. पण नकाशा समोर आला की एकर विचारू नका, सगळ्यात लहान भूखंड केवढा ते विचारा. हमालाची, दलालाची, पोळीभाजीवाल्या बाईची जागा कुठे ते विचारा. दिवाळीच्या पहाटे ज्या फडके रोडवर तुम्ही नटूनथटून उभे राहता, तिथलं एकेक दुकान केवढं आहे ते एकदा पावलांनी मोजा आणि तेवढी दुकानं नव्या नकाशात कुठे बसतात ते बघा.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की १९६६ च्या नगररचना कायद्याने हरकती आणि सूचना द्यायला मुदत मिळते. वकील लागत नाही, साध्या कागदावर लिहिलेलं चालतं. मी खात्यात असताना हरकतींचे गठ्ठे वाचलेत. त्यांत नव्वद टक्के माझ्या घरावरचं आरक्षण उठवा अशा असायच्या. गाळे किती, असं विचारणारी एकही हरकत मी वाचलेली नाही. तुमच्या रस्त्यावरचे गाळे मोजा, प्रत्येकावर कितीजण जगतात ते लिहा आणि मुदतीच्या आत आवक-जावक खिडकीवर द्या. पोच घ्यायला विसरू नका.