चाकांवरचे घर आणि ओळखीचा मुक्काम

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाविषयी आपल्या कार्यवाह भगिनींनी मला एकच अट घातली होती. विषय घराचा असावा, पण स्वयंपाकाचा नसावा. ती अट मी पाळणार आहे. मात्र मी ज्या घराविषयी बोलणार आहे त्याला पाया नाही, चाके आहेत.

अमेरिकेत अनेक माणसे, त्यातही निवृत्त झालेली जोडपी, आपले राहते घर विकतात आणि बाराही महिने मोटारघरात राहतात. अशा घराला तिकडे आर. व्ही. म्हणतात. काही स्वतःच्या इंजिनावर चालतात, काही दुसऱ्या गाडीच्या मागे जोडून ओढावी लागतात. आत पलंग, शेगडी, फ्रीज, न्हाणी, शौचकूप अशी सगळी सोय असते. चांगल्या पाण्याची टाकी निराळी, सांडपाण्याची निराळी, मैल्याची निराळी. छपरावर सौरपट्ट्या बसवल्या की दिव्यापुरती वीजही घरचीच.

आपल्याला सहज वाटेल की, या मंडळींचा सगळा आनंद फिरण्यात असणार. पहिल्या एकदोन वर्षांत तसे असतेही. आज डोंगर, उद्या समुद्र, परवा अरण्य. पण रोज नवे गाव म्हणजे रोज नवे शेजारी, रोज नवा दुकानदार, आणि रोज 'आम्ही अमके, तिकडून आलो' हे पहिल्यापासून सांगणे. याचा शीण चालण्याच्या शिणाहून मोठा असतो. म्हणून मुरलेले प्रवासी वर्षातून काही आठवडे, काही महिने एका माहितीच्या जागी, माहितीच्या माणसांत तळ ठोकतात. आपल्याकडे वर्षभर फिरणारे साधू पावसाळ्यात एके ठिकाणी चातुर्मास करतात. यांचा चातुर्मास हिवाळ्यात असतो, एवढाच फरक.

अशा मुक्कामाचे सर्वांत प्रसिद्ध ठिकाण म्हणजे ॲरिझोना राज्यातील क्वार्ट्झसाइट. हे वाळवंटातले लहानसे गाव आहे. २०२० च्या शिरगणतीत त्याची कायमची वस्ती अडीच हजारही भरली नाही. उन्हाळ्यात तेथे पारा ४० अंशांच्या वर जातो आणि गाव सुने पडते. पण उत्तरेकडे बर्फ पडू लागले की मोटारघरांची रांग लागते, आणि जानेवारीत रत्नांच्या व दगडांच्या बाजारांच्या वेळी तर गावाभोवतीचे माळरान गाड्यांनी फुलून जाते. गावच्या स्मशानात हाजी अली नावाच्या उंटवाल्याची समाधी आहे. अमेरिकी सैन्याने १८५६ साली उंटांचा प्रयोग करून पाहिला, तेव्हा हा गृहस्थ उंटांबरोबर त्या देशात आला आणि १९०२ साली येथेच वारला. १९३५ साली त्याच्या थडग्यावर दगडी पिरॅमिड बांधून वर उंटाची आकृती बसवली. फिरस्त्यांच्या गावाला दैवतही फिरस्तेच लाभले, म्हणायचे!

भोवतालची जमीन सरकारी आहे. अशा मोकळ्या जमिनीवर सामान्यतः १४ दिवसांपेक्षा अधिक काळ मुक्काम करता येत नाही. पण हिवाळी पाहुण्यांची सोय व्हावी आणि वाळवंटाची नासाडीही होऊ नये, म्हणून १९८३ साली काही जागा दीर्घ मुक्कामासाठी राखल्या गेल्या. तेथे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असे सात महिने राहता येते. २०२० च्या सुमारास या सबंध हंगामाची फी १८० डॉलर होती. आखलेले वाडे नाहीत, दाराशी नळ नाही, विजेचा खांब नाही. पाणी भरून आणायचे, टाक्या ठरलेल्या जागी नेऊन रित्या करायच्या. भांडी किती पाण्यात घासावीत हे तेथल्या गृहिणीला आपल्या दुष्काळी भागातल्या बाईइतकेच नेमके ठाऊक असते.

ओळखीची मंडळी आपल्या गाड्या अर्धवर्तुळात लावतात. मध्ये शेकोटीची जागा. सकाळी थंडी असते, तेव्हा कॉफीचे पेले घेऊन एकमेकांच्या दारात बसायचे. मग फिरणे, दगडगोटे वेचणे, कुणाची गळकी नळी बसवून देणे, कुणाचे शिवण पुरे करून देणे. संध्याकाळी प्रत्येक घरातून एकेक पदार्थ येतो आणि सगळे एकत्र जेवतात, आपल्या अंगतपंगतीसारखेच. पाहण्यासारखे काही नसलेल्या त्या माळावर महिनामहिना काय करता, असे कुणी विचारले तर सांगण्यासारखे फारसे नसते. माहेरी जाऊन काय केलेस, असे विचारल्यावर आपल्यालाही काय सांगता येते?

पण भगिनींनो, ही केवळ मौजेची कहाणी नव्हे. गाव सोडलेल्या माणसाला दुखणे आले तर त्याचे कोण? क्वार्ट्झसाइटहून इस्पितळ गाठायला दुसऱ्या गावी जावे लागते. नवरा आजारी पडला आणि बायकोने ती अवजड गाडी कधी चालवलेलीच नाही, अशी वेळ आली तर घर आणि माणूस दोन्ही जागच्या जागी अडकतात. म्हणून जाणती मंडळी नव्या जोडप्याला पहिल्याच हंगामात बजावतात की, बाईने गाडी चालवायला, मागची गाडी सोडवायला आणि टाक्या रित्या करायला शिकलेच पाहिजे. मोकळ्या माळावर मैत्रिणीच तिला ते शिकवतात. मला वाटते, दीर्घ मुक्कामाचे खरे मोल येथे कळते. दोन दिवसांच्या ओळखीत कुणी असले शिक्षण देत नाही, आणि कुणी मागतही नाही.

या गरजेतूनच एक संस्था उभी राहिली. के पीटरसन ही परिचारिका आणि तिचा पती जो हा विजेची कामे करणारा कारागीर. कामासाठी दोघे फिरत्या घरातून देशभर हिंडत. १९७८ साली त्यांनी एस्केपीज नावाचा क्लब काढला. टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन येथे त्याचे ठाणे आहे. सभासदांची टपाल तेथे येते आणि ते असतील तेथे पुढे धाडली जाते, कारण फिरत्या माणसालाही पत्ता लागतोच; परवान्याला लागतो, बँकेला लागतो, मताला लागतो. पण मला त्याहून मोठी वाटली ती पुढची गोष्ट. जे सभासद म्हातारपणाने किंवा आजाराने आता गाडी चालवू शकत नाहीत, त्यांच्यासाठी तेथे एक केंद्र आहे. म्हातारी माणसे आपल्याच मोटारघरात राहतात; जेवण, कपडे धुणे, दवाखान्यात नेणे-आणणे या कामी त्यांना मदत मिळते. घर तेच राहते आणि भोवती बोली ओळखणारी, प्रवासाच्या गोष्टी समजणारी माणसे असतात.

आणखी एक बाजू सांगितल्याखेरीज चित्र पुरे होणार नाही. त्याच माळावर सगळेच हौसेने आलेले नसतात. २००८ च्या मंदीनंतर घरे गेलेली, भाडे न परवडणारी कितीतरी माणसे लहानशा गाडीत राहू लागली. त्यांत उतारवयाच्या एकट्या बायकाही आहेत. जेसिका ब्रूडर यांनी २०१७ साली 'नोमॅडलँड' या पुस्तकात त्यांची हकिकत लिहिली. त्यावरील चित्रपटाला २०२१ साली ऑस्करचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. अशा बाईला ओळखीचा तळ ही चैन नव्हे. रात्री दार लावून निर्धास्त झोपता येणे आणि सकाळी दार उघडले नाही तर कुणीतरी येऊन ठोठावणे, हा तिचा आधार आहे.

आता आपल्याकडे वळते. आपल्यापैकी कित्येकजणी चार महिने एका मुलाकडे, चार महिने दुसऱ्या मुलीकडे, कुणी परदेशात, अशा राहतात. चाके नसली तरी आपलीही घरे फिरती झाली आहेत. नातवंडांचे सुख आहेच. पण ज्या माणसांना आपली जुनी दुखणी आणि जुने विनोद ठाऊक आहेत, त्यांच्यात वर्षातून काही दिवस सलग राहण्याची गरज त्याने भागत नाही. घाईघाईची भेट म्हणजे सहवास नव्हे. तेव्हा माझ्या दोन सूचना आहेत. बाहेरगावी राहणाऱ्या सभासद भगिनींना वर्षातला एक पंधरवडा ठरवून कळवावा, आणि त्या काळात त्यांना उतरायला एकेका घरी खोली मिळावी. आणि त्या पंधरवड्यात नुसते हळदीकुंकू न करता बँकेचा फॉर्म भरणे, मोबाईलवरून पैसे पाठवणे, औषधांची यादी लिहून ठेवणे ही कामे एकमेकींना शिकवावीत. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातात असलेले घराचे सुकाणू वेळ पडल्यास आपल्याला धरता आले पाहिजे.

आपल्या मंडळाची खोली लहान आहे, सतरंज्या जुन्या आहेत. पण परगावाहून आलेल्या सभासदाला येथे आपली ओळख पहिल्यापासून सांगावी लागत नाही. तेवढे आपण जपू या.