परमुलखात आपल्या हाती चाक



आजचा विषय या व्यासपीठाच्या मानाने किरकोळ वाटण्याचा संभव आहे. येथे तत्त्वज्ञानावर बोलावे, अर्थकारणावर बोलावे. आणि आम्ही उभे राहिलो आहोत ते रजेच्या दिवसांत परदेशी मोटार हाकण्याचा आराखडा कसा करावा हे सांगायला. परंतु आपल्यांतील कितीतरी कुटुंबे अलीकडे सहल-कंपनीच्या बसचा नाद सोडून, विमानतळावर भाड्याची मोटार घेऊन आपल्या जबाबदारीवर देश पाहू लागली आहेत. त्या मोटारीत आजी असते, मुले असतात, आणि चाक बहुधा एकाच माणसाच्या हाती असते. आराखडा कागदावर करणारे आणि त्याची किंमत रस्त्यावर मोजणारे एकाच घरचे असतात, म्हणून हा विषय आम्हांस किरकोळ वाटत नाही.

बोलणे मोघम होऊ नये यासाठी एकच मुलूख घेऊ : न्यूझीलंडचे दक्षिण बेट. आपल्या लोकांना ते सोयीचे वाटते, कारण तेथेही गाडी डाव्या बाजूनेच चालते, पाट्या इंग्रजीत असतात आणि आपला इंग्रजीत छापलेला परवाना तेथे चालतो. बेटाचा विस्तार महाराष्ट्राच्या निम्म्याइतका, वस्ती मात्र बारा-तेरा लाखांची. मोकळा रस्ता, समोर हिमशिखरे, मागे सरोवर. मग अडचण ती काय?

अडचण अशी, की या बेटाचा एक आराखडा आपल्याकडे हातोहात फिरत असतो. पहिल्या दिवशी दुपारी क्राइस्टचर्चला उतरावे आणि लगेच टेकापो गाठावे, २२५ किलोमीटर. दुसऱ्या दिवशी आओराकी पर्वताचा पायथा पाहून क्वीन्सटाऊन. तिसऱ्या दिवशी मिलफर्ड साउंडला जाऊन रात्री परत. चौथ्या दिवशी हास्टच्या खिंडीतून फ्रांझ जोसेफ. पाचव्या दिवशी आर्थर्स पासवरून पुन्हा क्राइस्टचर्च. बेरीज केली तर पाच दिवसांत सुमारे १९०० किलोमीटर! नकाशावर वर्तुळ सुरेख पूर्ण होते आणि करणारा आपल्या हुशारीवर खूष होतो.

या हिशेबाचे मूळ आमच्या मते किलोमीटरांत आहे. मोकळ्या रस्त्यावर वेगाची कमाल मर्यादा ताशी १०० किलोमीटरची, म्हणून माणूस अंतराला शंभराने भागतो. पण आपल्या पुणे-मुंबई द्रुतगती मार्गासारखा दुभाजक तेथे शहराबाहेर क्वचितच दिसतो. बहुतेक ठिकाणी जाण्याची एक पट्टी आणि येण्याची एक पट्टी. त्यांत वळणे, चढ, मेंढरांचा कळप, आणि एकपदरी पूल. या पुलांवर दोन्हीकडची वाहने एकाच पट्टीतून जातात. तोंडाशी पाटी असते. आपल्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल तर आपण थांबायचे आणि समोरच्याला येऊ द्यायचे. आपल्याकडे अशा जागी जो प्रथम नाक घालतो त्याचा पूल! ती सवय विमानातच ठेवून यावी. एकंदरीत ताशी साठ-सत्तरांचा हिशेब धरावा, आणि शक्य तर किलोमीटर मोजूच नयेत. चालवण्याचे तास मोजावेत, आणि एका दिवसाला चार तासांच्या वर जाऊ नये. आजी बरोबर असल्यास तीन.

पहिल्या दिवसाबद्दल तर आम्ही कोणाचेही ऐकून घेत नाही. मुंबईहून वाटेत विमान बदलीत जायचे, झोप अर्धवट झालेली, आणि तिकडचे घड्याळ आपल्यापुढे साडेसहा तास, त्यांच्या उन्हाळ्यात साडेसात. दुपारी ते लोक जेवायला बसतात तेव्हा आपल्या देहाच्या लेखी पहाट असते. अशा देहाला अनोळखी गाडीत बसवून तीन तासांच्या रस्त्यावर सोडणे हा धीटपणा नव्हे. समोरून येणाऱ्या गाडीतही कोणाचे तरी कुटुंब बसलेले असते. पहिली रात्र क्राइस्टचर्चलाच काढावी, मोटार दुसऱ्या दिवशी सकाळी ताब्यात घ्यावी; भाडेही एका दिवसाचे वाचते, हे सांगितले म्हणजे मंडळी लवकर मान्य करतात.

आता मिलफर्डचे घेऊ. कारण आराखड्याची खरी कसोटी तेथे लागते. क्वीन्सटाऊनपासून सरळ रेषेत ते सत्तर किलोमीटर असेल. पण मध्ये पर्वत उभे आहेत. रस्ता दक्षिणेला जाऊन, ते आनाऊ गावावरून वळसा घेऊन पुन्हा उत्तरेला चढतो, आणि अंतर २९० किलोमीटर होते. जाताना चार तास, येताना चार तास, मध्ये नौकेतून दोन तास. हिवाळ्यात हे केले तर परतीचा बराचसा रस्ता अंधारात. शेवटच्या टप्प्यात होमर बोगदा लागतो. तो १.२ किलोमीटर लांबीचा. काम १९३५ साली सुरू झाले, आणि वाहतूक सुरू व्हायला १९५४ उजाडले, यावरून डोंगराची जात समजावी. हिवाळ्यापासून वसंतापर्यंत तेथे हिमकडे कोसळण्याचे भय असते. रस्ता बंद ठेवतात, किंवा चाकांना साखळ्या बरोबर बाळगायला लावतात. ते आनाऊच्या पुढे भ्रमणध्वनीला बहुतेक ठिकाणी सूर लागत नाही. टाकी तेथेच भरावी.

म्हणून मिलफर्ड पाहायचे तर ते आनाऊला दोन रात्री मुक्काम करावा. तेथून अंतर १२० किलोमीटरचे राहते, दोन तासांचे. शिवाय तेथे वर्षाला सहा मीटरांहून अधिक पाऊस पडतो. एक दिवस वाया गेला तर दुसरा हाताशी असावा. पावसाचे दुःख मात्र करू नये. महाबळेश्वर आषाढात पाहिलेल्या माणसाला, सबंध कडाच धबधब्यांनी पांढरा होतो म्हणजे काय हे सांगावे लागत नाही.

पश्चिम किनाऱ्याची गोष्ट वेगळी. वानाकापासून हास्टवरून फ्रांझ जोसेफपर्यंत २८५ किलोमीटर, आणि त्याला पर्यायी रस्ता नाही. २६ मार्च २०१९ रोजी फ्रांझ जोसेफजवळचा वाइहो नदीवरचा पूल महापुरात वाहून गेला. तीन आठवड्यांच्या आत त्यांनी नवा पूल उभा केला, हे कौतुकाचेच. पण तेवढ्या दिवसांत नदीच्या अलीकडच्या प्रवाशाला पलीकडे जायला डोंगररांग ओलांडून बेटाला वळसा घालावा लागत होता. पूर्व किनाऱ्यावर १४ नोव्हेंबर २०१६ च्या भूकंपानंतर कैकौराचा हमरस्ता वर्षाहून अधिक काळ बंद होता. म्हणून दर चार-पाच दिवसांमागे एक रिकामा दिवस आराखड्यात असावा. त्याच्यापुढे काहीही लिहू नये. लिहिले की तो रिकामा राहत नाही!

मग दहा दिवसच असतील तर काय करावे? आमचे उत्तर स्पष्ट आहे : मिलफर्ड किंवा पश्चिम किनारा, यांपैकी एक सोडावे. दोन्ही हवीत तर तेरा-चौदा रात्री लागतील. क्राइस्टचर्चला दोन, टेकापो-आओराकीकडे दोन, क्वीन्सटाऊनला दोन, ते आनाऊला दोन, परतताना वानाकाला एक, फ्रांझ जोसेफला दोन, होकिटिकाला एक, शेवटची पुन्हा क्राइस्टचर्चला. टेकापोची रात्र ढगांनी झाकली नसेल तर तेथे तारे पाहावेत. तो टापू २०१२ पासून काळोख राखण्यासाठी संरक्षित आहे. चालकालाही आभाळाकडे पाहता येते अशी या सहलीतली ती एक हक्काची जागा.

ऋतूही उलटा. आपली मे महिन्याची सुटी म्हणजे तिकडचा शरद सरत आलेला. दक्षिणेकडे सकाळी आठला उजाडते आणि सव्वापाचाला मावळते. दिवाळीची सुटी त्यांच्या वसंतात येते. आम्ही तीच पसंत करतो.

कागदपत्रांचे फार सांगत नाही. विम्यात कोणते रस्ते वगळले आहेत ते सही करण्यापूर्वी वाचावे. क्वीन्सटाऊनजवळचा स्किपर्स रस्ता बहुधा त्यांत असतोच. आणि लाडू, चिवडा, लोणचे, तूप, जे काही पिशवीत असेल ते विमानतळावरच्या अर्जात लिहून मोकळे व्हावे. लिहिलेले फार तर काढून घेतील; लपवलेल्या एका सफरचंदालाही चारशे डॉलर दंड होतो.

परतीचे विमान सकाळचे असेल तर त्याच पहाटे होकिटिकाहून निघण्याचा बेत करू नये. आर्थर्स पास ९२० मीटरांवर आहे, आणि बर्फ पडले की तो रस्ता बंद करतात. आदल्या दिवशी उजेडी क्राइस्टचर्च गाठावे, टाकी भरून मोटार परत करावी, आणि किल्ली देण्यापूर्वी मागच्या आसनाखाली हात घालून पाहावे. मुलांची एक चप्पल तेथे नक्की सापडते.