बर्फ बघा, रंग नको

श्रोतेहो, हवाई बेटांवर सुट्टीला गेलात, तर पहिल्याच दुपारी काहीतरी थंडगार हवंसं वाटेल. आइस्क्रीम कुठंही मिळतं. तिथं शोधायचा तो ‘शेव्ह आइस’. आपल्या बर्फाच्या गोळ्याचा हा चुलतभाऊ, पण बिनकाडीचा, कागदी कोनात मिळणारा.

१८८५ पासून जपानी मजूर करारावर उसाच्या मळ्यांत मोठ्या संख्येनं आले. जपानमधल्या किसलेल्या बर्फाची, ‘काकिगोरी’ची, आवड या वस्तीबरोबर आली आणि किराणा दुकानांतून रुजली. ओआहू बेटावर हालेइवा गावी मात्सुमोतो कुटुंबानं १९५१ साली काढलेलं दुकान असंच.

आता चांगला ओळखायचा कसा? रांगेत उभं राहण्याआधी यंत्र बघा. बर्फाची लादी पात्यावर फिरत असेल, तर कापसासारखा भुगा पडतो आणि सरबत त्यात मुरतं. ठेचलेला, दाणेदार बर्फ असेल तर सगळं सरबत तळाला, आणि वर आपण कोरडा बर्फ चावत बसतो! तीन रंगांच्या ‘इंद्रधनुष्या’वर प्रवासी भाळतात; फोटो छान येतो खरा, पण चव बहुधा नुसती गोड. त्यापेक्षा एकच घ्या, लिलिकोई. कृष्णकमळाच्या कुळातल्या वेलीचं हे आंबटगोड फळ. सरबत फळाचं आहे की बाटलीतल्या रंगाचं, हे विचारायला लाजू नका.

आणि तळाशी ‘अझुकी’ मागा. साखरेत शिजवलेले हे लाल दाणे पाहून काहीजण नाक मुरडतात. पुरण खाणाऱ्यांना त्याचं काय नवल!