शालेय बँड : वाद्याची निवड
नवी मुंबईतील शाळांत २६ जानेवारीच्या संचलनासाठी बँड उभा राहतो, तेव्हा मुलाच्या वाद्याची निवड आवडीइतकीच त्याच्या शरीरयष्टीवरही अवलंबून असते. बिगुल, म्हणजे कळा नसलेले पितळी वाद्य, ओठांच्या ताणावर मोजकेच स्वर देते, आणि ओठांना आधार पुढच्या दातांचा असतो. म्हणून पुढचे दुधाचे दात पडून कायमचे दात स्थिरावेपर्यंत थांबणेच हिताचे. साइड ड्रम, म्हणजे खांद्यावरील पट्ट्याला तिरका लटकणारा, तळाशी तारा ताणलेला ढोल, चालताना गुडघ्यावर आदळत असेल, तर आधी झांज द्यावी, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. वाशी-नेरुळच्या इमारतींत शेजार भिंतीपलीकडेच असल्याने घरचा सराव रबरी पॅडवर करावा, कारण त्यावर काड्या ढोलासारख्याच उसळतात, मात्र आवाज दबका राहतो.