स्मार्ट दिवे आणि घरातला जुना बोर्ड

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या मध्यमवर्गीय घरांत मोबाइलवरून किंवा आवाजावर चालणारे दिवे, पंखे आणि प्लग आता येऊन पोहोचले आहेत. बाजारात त्यांना 'स्मार्ट' म्हणतात, आणि या शब्दाचा अर्थ एवढाच, की वीज चालू-बंद करणाऱ्या भागाच्या जोडीला उपकरणात एक लहानसा संगणक आणि एक लहानसा रेडिओ बसवलेला असतो. असे उपकरण चालेनासे झाले, की दोष त्यालाच दिला जातो आणि दुकानातून दुसरे आणले जाते. तेही महिन्याभरात तसेच वागू लागते. याचे कारण असे, की उपनगरी घरांतील या तक्रारींचे मूळ पुष्कळदा उपकरणाबाहेर असते, म्हणजे भिंतीतल्या वायरिंगमध्ये किंवा शेजारपाजारच्या वाय-फायने भरून गेलेल्या हवेत. म्हणून या विषयाचा विचार मोबाइलच्या ॲपपासून न करता भिंतीवरच्या बोर्डापासून करणे रास्त ठरते.

मुंबईच्या उपनगरांना वीज देण्यासाठी बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी १९२९ साली निघाली; तिचे क्षेत्र पुढे रिलायन्सकडे आणि २०१८ साली अदानी इलेक्ट्रिसिटीकडे गेले, तर मुलुंड-भांडुपच्या बाजूला महावितरणची वीज येते. कंपनी कोणतीही असो, तिची जबाबदारी मीटरपर्यंत असते आणि मीटरच्या पुढची तार ग्राहकाची असते, हे अनेकांच्या लक्षात नसते. गृहनिर्माण संस्थांच्या जुन्या इमारतींत ही तार ज्या काळी ओढली गेली, त्या काळी एका खोलीत एक दिवा, एक पंखा आणि एक प्लग एवढीच अपेक्षा होती. आज त्याच तारेकडून वेगळे काम मागितले जाते, आणि ते ती का देऊ शकत नाही हे समजण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन तारांचा संबंध पाहावा लागतो.

फेज म्हणजे ज्या तारेतून २३० व्होल्टचा दाब येतो ती, आणि न्यूट्रल म्हणजे प्रवाह ज्या तारेतून परत जातो ती. साध्या बटनाला फक्त फेज तोडायची आणि जोडायची असते, त्यामुळे वायरमन फेज बोर्डात आणतो, तेथून ती दिव्याकडे नेतो आणि न्यूट्रल छतातून परस्पर दिव्याला देतो. यात तार वाचते आणि काम चोख होते. स्मार्ट स्विचचे तसे नाही. दिवा बंद असतानाही त्यातला रेडिओ जागा राहावा लागतो, म्हणजे त्याला अखंड वीज लागते, आणि ती मिळण्यासाठी न्यूट्रल बोर्डातच हवी. ज्या बोर्डावर प्लग आहे, तेथे प्लगसाठी न्यूट्रल आलेली असते, म्हणून हॉलमध्ये स्मार्ट स्विच सहसा बिनतक्रार बसतो. पण पॅसेजमध्ये, न्हाणीघराबाहेर किंवा पलंगाच्या उशाशी असलेल्या टू-वे बटनाच्या बोर्डात ती बहुधा नसते.

न्यूट्रलशिवाय चालणारे स्विचही मिळतात. ते आपल्यापुरता थोडासा प्रवाह दिव्यातूनच काढून घेतात. साठ वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बला हा प्रवाह जाणवत नसे. नऊ वॉटचा एलईडी मात्र तेवढ्यावरही मंद उजळतो किंवा लुकलुकतो, आणि रात्री दिवा बंद करूनही खोलीत फिकट उजेड राहतो. घरच्यांना वाटते की बल्ब खराब आहे. वास्तविक दिव्याच्या होल्डरशी समांतर एक लहान कपॅसिटर जोडला, की हा चोरटा प्रवाह त्यातून निघून जातो आणि दिवा पूर्ण विझतो. अशा स्विचच्या खोक्यात तो पुष्कळदा दिलेला असतो आणि वायरमनकडून खोक्यातच राहून जातो. याहून गंभीर चूक म्हणजे जवळच्या दुसऱ्या सर्किटची न्यूट्रल उसनी घेणे. घरात आरसीसीबी, म्हणजे फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह ताडून पाहणारे सुरक्षा-यंत्र असेल, तर घरगुती यंत्रात ३० मिलिअँपिअरच्या आसपास तफावत आढळताच ते वीज तोडते. उसनी न्यूट्रल त्या यंत्राच्या कक्षेबाहेरच्या सर्किटची असेल, तर ही तफावत कायमचीच होते. मग दिवा लावला की घरभर अंधार, असा प्रकार घडतो, आणि काही घरांत त्यावर उपाय म्हणून आरसीसीबीच काढून टाकली जाते. असे कदापि करू नये, कारण ओल्या हाताने प्लगला स्पर्श झाल्यावर माणूस वाचतो तो त्याच यंत्रामुळे.

येथे जुन्या घरांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. सनमायका लावलेल्या लाकडी पेटीचा आणि पियानो बटनांचा जुना बोर्ड दिसायला ओबडधोबड असतो, परंतु त्याच्या पोटात भरपूर जागा असते, आणि बटनामागे बसवण्याचा स्मार्ट मॉड्यूल त्यात आरामात मावतो. नव्या टॉवरमधील भिंतीत गाडलेली धातूची पेटी उथळ असते. तीत मॉड्यूल कोंबला की तो तापतो, तारांचे जोड सैल होतात, आणि धातूने वेढल्यामुळे रेडिओचा आवाकाही कमी होतो. पुनर्विकासाच्या इमारतीत घर ताब्यात घेताना बिल्डरकडे खोल पेट्यांची आणि प्रत्येक बोर्डात न्यूट्रलची मागणी करणे, हे नंतर भिंत फोडून पुन्हा रंग देण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

दुसरा अडथळा हवेतला आहे. बाजारातील वाय-फायचे बहुतेक स्मार्ट बल्ब २.४ गिगाहर्ट्झ या लहरींवरच बोलतात, तर नवा राउटर २.४ आणि ५ अशा दोन्ही लहरी एकाच नावाखाली पसरवतो आणि मोबाइल अधिक वेगाची ५ पकडून बसतो. बल्ब आणि मोबाइल एकमेकांना सापडत नाहीत, ॲपमधले चक्र फिरत राहते आणि शेवटी 'जोडणी अयशस्वी' असा संदेश येतो. यावर उपाय असा, की राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन २.४ ला तात्पुरते वेगळे नाव द्यावे, मोबाइल त्यावर आणावा, राउटरची सुरक्षा केवळ डब्ल्यूपीए-३ वर असेल तर ती डब्ल्यूपीए-२ चालेल अशी करावी, मोबाइलमधील व्हीपीएन बंद करून ॲपला लोकेशनची परवानगी द्यावी, आणि मगच बल्ब पुस्तिकेत सांगितल्याइतक्या वेळा चालू-बंद करून तो भराभर लुकलुकू लागल्यावर जोडावा. एकदा जोडलेला बल्ब पुढे मोबाइल कोणत्या लहरीवर आहे याची पर्वा करत नाही.

जोडलेला बल्ब संध्याकाळी हटकून तुटत असेल, तर शेजाराचा विचार करावा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग, म्हणजे चॅनेल, व्यवहारात तीनच आहेत: १, ६ आणि ११. एका मजल्यावर चार-सहा बिऱ्हाडे, वर-खाली तितकीच, समोरची विंग हातभर अंतरावर, आणि प्रत्येक घरात एक राउटर, अशा वस्तीत या तीन मार्गांवर दाटी होणे अटळ आहे. त्यात मायक्रोवेव्ह ओव्हनही साधारण याच लहरींवर चालतो. राउटर मात्र दरवाजावरच्या माळ्यावर किंवा टीव्हीच्या कपाटात कोंडलेला असतो आणि आरसीसीच्या दोन भिंती ओलांडून त्याने शयनगृहातील बल्बपर्यंत पोहोचावे अशी अपेक्षा असते. राउटर घराच्या मध्यावर, उंच आणि उघड्यावर ठेवणे आणि तिन्हींपैकी सर्वांत मोकळा मार्ग निवडणे, एवढ्याने पुष्कळ घरांतील तक्रार संपते. इंटरनेटची कंपनी बदलली तर नव्या राउटरला जुन्याचेच नाव आणि जुनाच पासवर्ड द्यावा. सगळी उपकरणे आपोआप परत जोडली जातात आणि अख्खा रविवार वाचतो.

झिगबी, थ्रेड आणि २०२२ साली जाहीर झालेले मॅटर ही नावे खोक्यांवर दिसतात. पहिल्या दोन कमी विजेवर चालणाऱ्या रेडिओ-पद्धती आहेत, तर मॅटर ही निरनिराळ्या कंपन्यांच्या उपकरणांनी एकमेकांशी बोलण्यासाठी ठरवलेली सामाईक बोली आहे. दहापेक्षा अधिक दिवे असतील तरच त्यांत शिरावे. अमेरिकेतील नातलगांनी प्रेमाने आणलेल्या वस्तूंबाबत मात्र सावध राहावे: तेथील दाब १२० व्होल्टचा असतो आणि केवळ त्यासाठी बनवलेला बल्ब येथे लावताच जळतो, झेड-वेव्ह पद्धतीची उपकरणे तर लहरीच्याच बाबतीत वेगळी, कारण ती तेथे ९०८ मेगाहर्ट्झच्या आसपास आणि भारतात ८६५ च्या आसपास चालतात.

भाराचा हिशोबही करायलाच हवा. दोन हजार वॉटचा गिझर सुमारे पावणेनऊ अँपिअर आणि तीन हजार वॉटचा झटपट गिझर सुमारे तेरा अँपिअर खेचतो. पहिला सहा अँपिअरच्या किंवा दुसरा दहा अँपिअरच्या स्मार्ट प्लगवर चालवला तर प्लग वितळू शकतो. सोळा अँपिअरचा, आयएसआय चिन्हाचा प्लगच घ्यावा, मग तो लोहार चाळीच्या बाजारातून आणलेला असो वा घरपोच आलेला. बीएलडीसी मोटरचा पंखा रेग्युलेटरमधून चालवू नये, कारण त्याचा वेग त्याच्या आतील सर्किट ठरवते. आणि पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येत असेल, तर त्या भिंतीवरील बोर्डात कोणतेही इलेक्ट्रॉनिक उपकरण बसवण्यापूर्वी गळती काढावी.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई आणि परिसराची वीज कित्येक तास गेली होती. अशी वीज परत येते तेव्हा अनेक स्मार्ट बल्ब आपण होऊन पूर्ण उजळतात, मग ती रात्रीची दोनची वेळ का असेना. ॲपमध्ये 'वीज आल्यावर पूर्वस्थिती' हा पर्याय निवडून ठेवल्यास हे टळते. शिवाय बल्ब काही सेकंदांत जागा होतो आणि राउटरला दोन-चार मिनिटे लागतात, त्यामुळे लगेच रीसेट करण्याची घाई न करता दहा मिनिटे थांबावे.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न घरातील माणसांचा आहे. स्मार्ट बल्बला भिंतीवरचे बटन कायम चालू लागते, आणि आजीने जन्माच्या सवयीने ते बंद केले की बल्ब ॲपमधून नाहीसा होतो. यात आजीची चूक नाही, निवडीची आहे. ज्या घरात लहान-थोर सर्वांचे हात बटनाकडे जातात, तेथे स्मार्टपणा बल्बमध्ये न ठेवता स्विचमध्ये ठेवावा, म्हणजे बटन दाबूनही दिवा लागतो आणि मोबाइलवरूनही. इंटरनेट गेल्यावर जो दिवा बटनाने लागत नाही, तो घरात लावण्याच्या योग्यतेचा नाही. परदेशात इन्स्टिऑन या कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये अचानक बंद झाले आणि त्यांवर विसंबलेल्या घरांतील ॲप निकामी झाले. भिंतीवरची बटने मात्र चालत राहिली. याउलट योग्य जागी लावलेला हालचाल ओळखणारा मंद दिवा रात्री उठणाऱ्या वृद्धाला अंधारात पाय घसरण्यापासून वाचवतो, आणि हे काम त्याने कोणत्याही सर्व्हरला न विचारता करावे हेच श्रेयस्कर.

श्रोत्यांना विनंती अशी, की पहिला स्मार्ट स्विच विकत घेण्यापूर्वी परवाना असलेल्या वायरमनकडून घरातील प्रत्येक बोर्ड उघडून न्यूट्रल आणि अर्थिंग तपासून घ्यावे, आणि कोणत्या बोर्डात काय आढळले ते एका कागदावर लिहून तो कागद एमसीबीच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवावा.