आधी मोजणी, मग मागणी



समोर बहुतेक जण संस्था चालवणारे आहेत, म्हणून थेट निधी मागणाऱ्या प्रस्तावाबद्दलच बोलतो. 2013च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. म्हणजे पैसा आहे. तरीही तळमळीने काम करणाऱ्यांचे प्रस्ताव परत येतात, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. पहिल्याच पानावर असतं, ‘आमच्या भागात कुपोषण गंभीर आहे.’ किती गंभीर? त्यावर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला आकडा डकवलेला असतो. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं खुजी आहेत, हे 2019-21च्या पाहणीत आहेच. पण ती पाहणी जिल्ह्यापर्यंत येऊन थांबते. तुमच्या पाड्याबद्दल ती काही सांगत नाही. तो आकडा आपणच मोजावा लागतो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बाळांची काळजी घरीच घेण्याचा प्रयोग केला. त्याआधी, 1993 ते 95 या काळात, जन्म आणि मृत्यू मोजले. हजार जन्मांमागे साठेक बाळं पहिल्या महिन्यातच दगावत होती. मग 39 गावांत काम उभं राहिलं, आणि आणखी 47 गावांत फक्त मोजणी चालू राहिली. तिसऱ्या वर्षी कामाच्या गावांत हे प्रमाण पंचविसाच्या आसपास आलं. उरलेल्या गावांत ते साठाच्या घरातच होतं. त्या 47 गावांची मोजणी नसती, तर ‘दिवस सुधारले म्हणून मुलं वाचली’ असं कुणीही म्हणालं असतं. 1999मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे छापलं आणि 2011मध्ये केंद्र सरकारने अशी घरपोच काळजी आशाताईंमार्फत देशभर सुरू केली.

तुम्हाला एवढा पसारा नको. अंगणवाडीताईंना सोबत घ्या आणि घरोघरी जा. सहा महिने ते पाच वर्षांच्या प्रत्येक मुलाच्या दंडाला पट्टी लावा. घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर मूल अतितीव्र कुपोषित. त्याला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पाठवा, प्रस्तावाची वाट बघू नका. वहीत मात्र दोन आकडे हवेत: अशी मुलं किती, आणि एकूण मोजली किती. दुसरा आकडा नसेल, तर पहिल्याला अर्थ उरत नाही. कुलूप लावलेली घरंही लिहा. ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर गेलेल्यांची मुलं गळाली, तर सर्वांत उपाशी मुलंच हिशेबाबाहेर राहतात. मुलांची नावं संस्थेच्या वहीतच ठेवा, प्रस्तावात नकोत.

आणि वर्षाअखेरी हीच मोजणी पुन्हा करण्याचा खर्च अंदाजपत्रकात उघडपणे मागा. समजूतदार देणगीदार तो नाकारत नाही.

दसऱ्यानंतर घरं स्थलांतराला निघतात. त्याआधी मोजणी उरका.